लाकडी प्रदर्शन मंडप: प्रत्येक तुकडा वेगळा, की मोजकेच साचे?

ग्रासहॉपर या संगणकावर आकार रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये मंडपाचं मॉडेल करायला बसण्याआधी एक निर्णय घ्यावाच लागतो. हवा तसा वक्र पृष्ठभाग काढून त्याचे तुकडे पाडायचे, की तीन-चार साचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचे ठरावीक मापाचे भाग, आधी ठरवून त्यांतूनच मंडप घडवायचा?

पहिल्या पद्धतीतलं यश थक्क करणारं आहे. जर्मनीत श्वेबिश ग्म्युंडला २०१४ मध्ये उभारलेल्या दालनात बीच या झाडाच्या प्लायवूडचे २४३ तुकडे आहेत, एकाची भूमिती दुसऱ्यासारखी नाही. जाडी जेमतेम ५० मिलिमीटर, आणि सगळं मिळून लाकूड लागलं १२ घनमीटर. घुमटाचा आकारच भार पेलतो, म्हणून एवढ्यात भागलं. पण ती कापणी रोबोटची. शिवाय वेड्यावाकड्या कडांचे तुकडे चौकोनी शीटवर बसवताना मध्ये कातरण उरतं, ते हिशेबात धरा. जर्मनीतल्याच हाइलब्रोनचा २०१९ चा मंडप सोडवून पुन्हा उभारता येईल असाच रचला होता, हे खरं. तरी वेगवेगळे तुकडे पुन्हा जुळतात ते त्याच आकारात.

साच्यांचा मंडप थोडा ताठर दिसतो आणि लाकूडही बहुधा जास्त खातो. बदल्यात एखादा भाग मोडला तर सुटा भाग तयार असतो, आणि पुढच्या जागी तेच भाग लांबट किंवा आखूड मांडता येतात.

खरी परीक्षा सांध्यावर होते. १२ मिलिमीटर म्हणून आलेलं प्लायवूड मोजलं तर ११.६ भरू शकतं. तेवढ्यानंही खाच सैल होते. म्हणून जाडी मॉडेलमध्ये बदलता आलीच पाहिजे. लाकूड कोरणाऱ्या राऊटर यंत्राचं पातं गोल, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा काटकोनी निघत नाही. तिथे थोडं जास्त कोरावं लागतं. साचे मोजके असतील तर दोन-चार सांधे प्रत्यक्ष कापून बघितले की काम झालं. प्रत्येक तुकड्याचा कोन वेगळा असेल तर इतकी खात्री मिळत नाही.

मंडप एकाच जागी उभा राहणार असेल आणि तिरक्या कोनातही कापणारं पाच अक्षांचं यंत्र हाताशी असेल, तर पहिली पद्धत निःशंक घ्या. तो फिरणार असेल तर मी साचेच निवडेन. लाकडातला कार्बन लाकूड जळेपर्यंत किंवा कुजेपर्यंतच अडकून राहतो, त्यामुळे पाच वेळा उभारलेला जाड मंडप एकदाच वापरून मोडीत काढलेल्या नाजूक मंडपापेक्षा मला जास्त पर्यावरणपूरक वाटतो. मात्र सांधे बोल्टचेच ठेवा. गोंद लावलात तर साच्यांचा सगळा फायदा गेला.