सोलापुरात कोरडवाहूची इंटर्नशिप: घ्यावी, पण पेरणीच्या आधी

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी किंवा पदवी झाल्यावर कोरडवाहू शेतीत काही महिने घालवायचे असतील, तर सोलापूरइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. इथलं कोरडवाहू संशोधन 1933 पासूनचं. आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय केंद्र ते चालवतं, आणि 1970 साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू प्रकल्पातही सोलापूर आहे. ज्वारीसाठी मोहोळचं संशोधन केंद्र जवळच. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातलंच, पण तिथलं काम फळबागेचं, तेल्या रोगाचं. कोरडवाहू समजून तिथे अर्ज करू नका.

आमचं मत थोडक्यात: शेतावरचं शिक्षण अव्वल, विस्ताराचं, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं, काम जेमतेम, आणि दोन्हींचा निकाल रुजू होण्याच्या तारखेवर. जानेवारीत आलात तर काढणी-मळणी दिसेल, पुढे उन्हाळाभर मोकळी राने. जूनमध्ये आलात तर तूर-बाजरी पाहून ऐन रब्बीच्या तोंडावर परत जाल. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या भरवशावर. ऑगस्टअखेर रुजू व्हा, काढणी होईपर्यंत थांबा. बंदिस्त वाफ्यांत, म्हणजे पाणी अडवायला बांध घालून पाडलेल्या चौकोनांत, हस्ताचं पाणी कसं मुरतं, हे पेरणीनंतर येणाऱ्याला फक्त अहवालात वाचायला मिळतं.

इथे शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ओल मोजणं. दिसायला किरकोळ काम, पण निम्मे आकडे इथेच बिघडतात. स्क्रू ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, 0-15, 15-30, 30-45 आणि 45-60 सेंटिमीटर अशा थरांची माती काढायची, लगेच ॲल्युमिनियमच्या डबीत भरून झाकण लावायचं, वजन करायचं, 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये ठेवायची, पुन्हा वजन. कमी झालेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, गुणिले 100. नवखे ओल्या वजनाने भागतात आणि ओल कमी दाखवतात. दुसरी चूक भेगेजवळ ऑगर लावण्याची. काळी जमीन भेगाळली की वरची कोरडी माती खाली घसरते आणि खालचा थर उगाच कोरडा निघतो. तिसरी म्हणजे डबीवर एक नंबर, झाकणावर दुसरा.

टक्केवारीवर थांबू नका. समजा वरच्या 15 सेंटिमीटरच्या थरात 28 टक्के ओल आहे आणि मातीची घनता 1.2 आहे, तर पाणी झालं सुमारे 50 मिलिमीटर. पण 18 टक्क्यांना पीक कायमचं कोमेजत असेल, तर त्यातलं पिकाच्या वाट्याला येतं फक्त 18 मिलिमीटर. हा हिशेब तोंडपाठ असलेला इंटर्न केंद्राला हवाच असतो.

रोग-किडीच्या नोंदी वेळेवर घ्या. पेरणी फार लवकर झाली तर खोडमाशी गाठते. पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा शेंडा, वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो. दाणे भरताना ओल संपली की खडखड्या रोग. ताट बुडातून चिरून पाहा: आतला गाभा सुटलेला आणि धाग्यांवर काजळीसारखे काळे ठिपके. नुसती लोळलेली ताटं मोजून 'खडखड्या' लिहू नये, वाऱ्यानेही ज्वारी लोळते.

आता विस्तार. आद्यरेखा प्रात्यक्षिक, म्हणजे शेतकऱ्याच्या रानात नवं वाण किंवा पद्धत करून दाखवणं. पण प्रत्यक्षात बियाण्याची पिशवी देऊन फलकाशेजारी फोटो, असा प्रकार सर्रास चालतो. त्यातून काही शिकायला मिळत नाही. शेजारी शेतकऱ्याच्या पद्धतीचा तुकडा राखला नसेल तर फरक सांगणार कशाच्या जोरावर? जमिनीची खोली आधी पाहा: ज्वारीच्या वाणांपैकी हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. बियाणं एकरी 4 किलो, काणी रोगासाठी किलोला 4 ग्रॅम गंधक, अंतर 45 बाय 15 सेंटिमीटर. विरळणी, म्हणजे जादा रोपं उपटणं, झाली का हे तपासायला 10 मीटर ओळ मोजा, 66 च्या आसपास ताटं हवीत. शंभर भरली तर विरळणी झालीच नाही, आणि तिथे ओल लवकर संपणार.

उत्पन्न काढताना कडबा विसरलात तर अहवाल अर्धवट. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला तुमचं हेक्टरी क्विंटल नको असतं. त्याला एकरी पोती किती आणि कडब्याच्या पेंढ्या किती ते हवं असतं. मालदांडी हे जुनं वाण अजून टिकून आहे ती भाकरी आणि कडबा या दोन्हींच्या जोरावर. पेंढी वाळल्यावरच तोला.

होकार देण्याआधी केंद्राला तीन गोष्टी विचारा: स्वतंत्र प्लॉट मिळणार का, घेतलेली आकडेवारी प्रबंधात वापरता येणार का, आणि गावभेटीला गाडी कोणाची. तिसऱ्याचं उत्तर 'बघू' असं आलं तर विस्ताराचे आठवडे कार्यालयात रजिस्टर उतरवण्यात जातील. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरची गावं मिळाली तर कन्नड बोलणारा सोबती आधीच हेरून ठेवा.