मावशींना सुई टोचली: चौकातले डॉक्टर, सिव्हिल की खाजगी हॉस्पिटल?

आमच्या शाळेत सहावीतला एक मुलगा टाइप १ मधुमेहाचा. डबा खायच्या आधी ऑफिसात येऊन पेननं इन्सुलिन घेतो. एकदा त्याच्या पेनची सुई टोपण न लावता कचऱ्यात गेली. जेमतेम ४ मिलिमीटरची सुई, पण कचरा हातानं दाबताना सफाईच्या मावशींच्या अंगठ्यात घुसली. त्यांनी अंगठा तोंडात धरला, मी डेटॉल घेऊन धावलो. दोघांचंही चुकलं. अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट धुवायचं, बस. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट-डेटॉल ओतायचं नाही.

मग ऑफिसात वाद लागला, कुठं न्यायचं?

चौकातले डॉक्टर पाच मिनिटांवर आणि ओळखीचे. आम्ही तिथंच नेलं. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. हिपॅटायटिस बीचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचं, नावही निघालं नाही. त्यावरच्या लसीची किंवा एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांची सोय तिथं नसेल, तर गेलेला वेळ परत मिळत नाही.

सिव्हिलला गर्दी आणि केसपेपरची रांग, हे खरं. पण ओपीडीत उभंच राहायचं नाही. थेट कॅज्युअल्टीत जाऊन ‘सुई टोचली आहे’ म्हणायचं. गरज असेल तर एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. त्या शक्यतो २ तासांत सुरू करायच्या, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि घ्यायच्या २८ दिवस. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात बहुधा सगळं एका छताखाली असतं, कारण तिथल्या नर्सनाही सुया टोचतात. प्रश्न बिलाचा. ते शाळा भरणार की मावशी, हे त्या दिवशी ठरवायला बसू नका. मावशी ठेकेदाराकडच्या असतील आणि ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल, तर ही कामावरची दुखापत आहे. ईएसआयच्या दवाखान्यातही जाता येतं.

माझं मत विचाराल तर सुई कुणाची, यावर ठरवा. सुई मधुमेही मुलाची असेल आणि मावशींचे लसीचे तीन डोस झालेले असतील, तर ओळखीचे डॉक्टर चालतील. लस झालेली नसेल, किंवा कंपाउंडच्या भिंतीशी सापडलेली बेवारस सिरिंज असेल, तर सिव्हिल, त्याच दिवशी.

पहिला प्रश्न सगळे एचआयव्हीचा विचारतात. बाधित रक्ताची ताजी सुई टोचली तरी तो धोका हजारात साधारण ३. पडून वाळलेल्या सुईत आणखी कितीतरी कमी. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र शंभरात ६ ते ३०, आणि तो विषाणू बाहेर सात दिवसही टिकतो. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण झालाच तर गोळ्यांनी बरा होतो.

दुसरी निवड त्याआधीची: लस आधी द्यायची की टोचल्यावर? देशभरात बाळांना ही लस २०११ पासून मिळू लागली. म्हणजे आपल्या चाळिशीतल्या मावशी आणि शिपाईकाकांना ती बहुधा मिळालेलीच नाही. आधी दिली तर ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, विषय संपला. टोचल्यावर धावलात तर लसीबरोबर कधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते महाग, आणि २४ तासांत मिळालेलं बरं. मी आधीच्या बाजूचा, शाळेनं पैसे घालायचे.

मुलाच्या रक्ततपासणीवरूनही आमच्याकडे कुजबुज झाली. ती आईवडिलांच्या संमतीशिवाय होत नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. स्टाफरूममध्ये हा विषय काढायचा नाही. एचआयव्हीबद्दल शंका असली तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आता ऑफिसच्या कपाटावर पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा आहे. पोरगा पेनची सुई स्वतः त्यात टाकतो आणि झाकण लागल्याचा ‘टक’ आवाज आल्यावरच जेवणाचा डबा उघडायला पळतो.