वाशीतला पुनर्विकास-पीपीपी वीकेंड कोर्स: हिशेब पक्का, सभेची तयारी कच्ची

पीएमसीत (सोसायटीच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराकडे), बिल्डरच्या लायझनिंगमध्ये (सरकारी परवानग्यांच्या कामात) किंवा सरकारी-खासगी भागीदारीच्या म्हणजे पीपीपी प्रकल्पांत नोकरी धरू पाहणाऱ्यांसाठी हा कोर्स आहे.

पैसे वसूल होतात ते फीजिबिलिटीच्या (प्रकल्प परवडतो का, या हिशेबाच्या) सत्रात. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीतला रस्त्याच्या रुंदीचा तक्ता इथे पाठ करायला नाही, वापरायला लावतात. १,००० चौ. मी. प्लॉट, समोर १२ मीटर रस्ता: मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१, प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारा) ०.५, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) ०.६५, एकूण २.२५. त्यावर निवासी वापराचा ६० टक्के अॅन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय धरला की ३,६०० चौ. मी. बांधकाम. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी भरला तर त्या तक्त्यात प्रीमियमही नाही, टीडीआरही नाही; ठाण्यातल्या जुन्या गल्ल्यांत गणित इथेच कोलमडतं. म्हणून टेप लावून रस्ता मोजायला लावतात, हे उत्तम. जुन्या इमारतीचा प्रोत्साहनपर एफएसआयही नीट घेतात: मंजूर बांधकामाच्या ३० टक्के किंवा घरटी १५ चौ. मी., जास्त असेल ते. १,१०० चौ. मी. बांधकामात २४ घरं असतील तर ३३० नव्हे, ३६०. नवशिके टक्केवारी काढून मोकळे होतात.

सोसायटीने पुनर्विकासाचा निर्णय कसा घ्यायचा हे सांगणारा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मात्र एका स्लाइडवर उरकलाय. नोकरीत निम्मा वेळ त्यातच जातो! सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, निबंधकांचा प्रतिनिधी, व्हिडिओ चित्रीकरण आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती. इतिवृत्तात चुकून 'उपस्थितांपैकी' पडलं की नाराज सभासदाला तक्रारीचं आयतं कारण. इतिवृत्त लिहिण्याचा सराव एकदाही नाही.

वर्ग वाशीत, उदाहरणं सगळी ठाण्याच्या फ्रीहोल्ड (मालकी हक्काच्या) प्लॉटची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर पट्टा सोसायटीच्या नावावर आहे का, सिडकोची ना-हरकत कोणत्या टप्प्यावर लागते, हे आधी बघावं लागतं. त्यावर चकार शब्द नाही.

पीपीपीचं सत्र फिकं. नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा, हे पेपरात वाचलेलंच असतं. जागा उशिरा हाती आली तर भुर्दंड कोणाला, प्रवासी कमी आले तर तोटा कोणाचा, हे करारात कसं शोधायचं ते शिकवायला हवं होतं.

सिव्हिल डिप्लोमावाल्यांनी जरूर करावा. वकिली किंवा समाजकार्याकडून येणाऱ्यांनी फी भरण्याआधी विचारावं: खऱ्या करारनाम्याची प्रत वर्गात वाचून घेता का?