पट्टी चढलेला कॅसेट डेक : नऊ महिने वापरल्यानंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही, ते मुद्दाम. डेक १९९० च्या आसपासचा आहे, माझ्याआधी त्याचे किमान दोन मालक झालेत, आणि विकणाऱ्या दुकानदाराने त्यावर ‘सर्व्हिस केलेला’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्यातलं चांगलं किती कारखान्यातून आलं आणि वाईट किती मधल्या हातांनी घुसडलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेव्हा तीन हेडचा (हेड म्हणजे फितीला टेकून आवाज भरणारा, वाचणारा भाग) एक जुना डेक, १६० डॉलर, वजन बऱ्यापैकी, एवढीच ओळख पुरे.

घ्यायचं कारण गिटार. मी शिकागोच्या उपनगरात राहतो, ब्लूज आणि जॅझ गिटार ऐकतो, स्वतःही वाजवतो पण ते घरच्यांपुरतं. इथलं जॅझ रेकॉर्ड मार्ट हे रेकॉर्डींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि शनिवारी दुपारी उभं राहायची माझी जागाच गेली. पण तिथे भेटलेल्या दोन-चार म्हाताऱ्या गिऱ्हाइकांमुळे एक वेगळीच दुनिया उघडली. ही मंडळी विकत मिळणाऱ्या रेकॉर्डींपेक्षा न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या मागे असतात. रेडिओवरून उतरवलेले कार्यक्रम, क्लबात टेबलाखाली ठेवलेल्या रेकॉर्डरवर घेतलेल्या मैफली, शिकवण्या. लॉस एंजेलिसकडचे गिटारवादक टेड ग्रीन शिकवायचे तेव्हा विद्यार्थी सोबत रेकॉर्डर ठेवत. ग्रीन २००५ मध्ये गेले, त्या कॅसेटी अजून फिरताहेत. गिटारवादक डॅनी गॅटनचं रॉबर्ट गॉर्डन या गायकाच्या बँडबरोबरचं वाजवणं असंच वर्षानुवर्षं गिटारवाल्यांमध्ये हातोहात फिरलं, आणि पुढे तो गेल्यावर रीतसर सीडीवर आलं.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. ‘आपल्याकडे अण्णांचं एक खासगी आहे’ असं म्हणून कपाटाची किल्ली खिशात टाकणारा एक तरी गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. इथले लोक किल्ली काढतात, एवढाच फरक. मात्र नियम कडक. पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्याकडे द्यायला काही नसेल तर कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा भरून देतो. जे अधिकृतपणे बाजारात आलं ते देवाणघेवाणीतून बाद. ते विकत घ्यायचं. आणि प्रत कितवी आहे, मूळ कशावरून आली, हे चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहायचं. प्रतीची प्रत काढली की सूं आवाज वाढतो, वरचे स्वर बोथट होतात. चौथ्या-पाचव्या पिढीला गिटार उशीखालून वाजल्यासारखी वाटते.

आता डेकबद्दल. तीन हेडचा फायदा असा की रेकॉर्डिंगचं आणि ऐकण्याचं हेड वेगळं असतं, त्यामुळे रेकॉर्ड होत असतानाच फितीवर नेमकं काय उतरलं ते ऐकता येतं. स्वस्त डेकवर पंचेचाळीस मिनिटांची बाजू भरून झाल्यावर कळतं की हेडवर मळ होता. इथे तिसऱ्या मिनिटाला कळतं. या एका गोष्टीसाठी १६० डॉलर वसूल.

दुसरं म्हणजे हेडचा कोन जुळवायचा स्क्रू. प्रत्येक डेकचं हेड फितीला किंचित वेगळ्या कोनात टेकतं, आणि ज्या कोनात रेकॉर्ड झालं त्याच कोनात ऐकलं नाही तर वरचे स्वर गळतात. गिटारच्या बाबतीत पहिला बळी जातो तो पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा. तारेवर पिक आपटल्याचा जो ‘टक्’ असतो तो नाहीसा होतो आणि सगळे वादक एकाच अंगठ्याने वाजवल्यासारखे वाटू लागतात. कॅसेट मोनो असेल तर दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करायचे आणि आवाज सगळ्यात उजळ लागेपर्यंत स्क्रू केसाएवढा इकडेतिकडे फिरवायचा. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा. मी केली नव्हती. एक रविवार त्यात गेला.

डॉल्बीचं बटण बहुतेक वेळा बंदच ठेवतो. डॉल्बी बी रेकॉर्ड करताना हळू असलेले वरचे स्वर वाढवून ठेवतं आणि ऐकताना तेवढेच खाली आणतं, त्याबरोबर सूं आवाजही खाली जातो. दोन्ही टोकांना डॉल्बी असेल तर उत्तम. पण तीस वर्षांत चार हातांतून आलेल्या कॅसेटला मधल्या कुणी डॉल्बी लावलं आणि कुणी नाही, याचा पत्ता नसतो. साध्या कॅसेटला डॉल्बी लावून ऐकलं की तिच्यावर गोधडी पडते. आमच्यातले जुने लोक म्हणतात, सूं असू दे, गिटार तरी जाणार नाही. मला पटतं.

दोन महिने मी खूश होतो. बावीस कॅसेटी संगणकावर उतरवल्या, फायली चौघांना पाठवल्या. दोन आजोबा अजून फक्त कॅसेटच घेतात, त्यांच्यासाठी इतरांकडून आलेल्या फायलींवरून याच डेकवर चौदा कॅसेटी भरल्या. एक गोष्ट खटकायची : नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटं चालायला हवी, ती चव्वेचाळीस मिनिटांच्या आत संपायची. म्हटलं, हल्लीच्या कोऱ्या कॅसेटीच आखूड.

मग एक गिटार-पियानोची जोडी बाबांना फोनवर पाठवली. बाबा डोंबिवलीला असतात, पन्नास वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवताहेत, जॅझशी त्यांचा संबंध माझ्यापुरताच. त्यांचं उत्तर आलं : “माणूस तयार आहे. पण पट्टी कोणती धरलीय? पांढरी तीनच्या वर आणि पांढरी चारच्या खाली. अशी पट्टी माझ्या पेटीत नाही.”

मी हसलो. मग गिटार काढली, ट्यूनर लावून जुळवली आणि त्या फाईलबरोबर वाजवून पाहिली. बाबांचं खरं होतं. सगळं अर्ध्या सुराच्याही अर्ध्याने चढलेलं. दुसरी कॅसेट लावली, तीही तेवढीच. पाच कॅसेटी, पाच वेगळ्या गावांहून आलेल्या, सगळ्या सारख्याच चढलेल्या. म्हणजे चोर घरातच.

वेग मोजायला ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणी-कॅसेट मिळते. ती मागवली. संगणकावर आकडा आला ३२४५. डेक तीन टक्के जास्त वेगाने पळत होता. कुणीतरी ‘सर्व्हिस’ करताना मोटरचा वेग जुळवायचा स्क्रू भलतीकडे फिरवून सोडून दिला होता. दुकानाला लिहिलं, उत्तर आलं की आवाज येतोय ना, मग बिघाड कसला.

यात मजा अशी की या डेकवर भरलेली कॅसेट याच डेकवर ऐकली तर अगदी सुरात. जाताना फीत तीन टक्के जास्त पळाली, येतानाही तेवढीच, हिशेब फिटला. त्यामुळे तपासताना मला कधीच काही कळलं नाही. पण माझ्याकडून गेलेल्या कॅसेटी दुसऱ्यांच्या घरी उतरलेल्या पट्टीत वाजत होत्या आणि माझ्याकडून गेलेल्या फायली चढलेल्या. एकाच माणसाने दोन दिशांना केलेली चूक.

मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. चाचणी-कॅसेट चालू ठेवून बारीक पेचकसाने, श्वास रोखून, आकडा ३१५० वर आणायचा. दहा मिनिटांचं काम. त्याआधी बेल्ट बदला, नाहीतर परत करावं लागतं. जुन्या बेल्टचं काय होतं ते हाताला लागल्यावर कळेल, डांबरच म्हणा.

या भानगडीतून एक नवा छंद मात्र लागला. डेक सुरात आला, पण येणारी कॅसेट सुरात आहे हे कशावरून? गिटारच्या मोकळ्या तारेवरून ओळखावं तर पियानो सोबत असलेल्या जॅझमध्ये ते बऱ्यापैकी चालतं. एकट्याने वाजवणाऱ्या जुन्या ब्लूजवाल्यांच्या बाबतीत अजिबात नाही. ते गिटार आपल्या गळ्याला जुळवायचे, वर कापो (पट्टी चढवायचा चिमटा) लावायचे. ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला आणि १९३७ मध्ये डॅलसला जे रेकॉर्ड केलं ते वेग वाढवलेलं आहे की नाही, यावर लोक अजून भांडतात. नुसत्या तारांच्या साक्षीने तो खटला निकाली निघणार नाही.

विजेवरच्या गिटारचं तसं नाही. तिच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागात) विजेचं हमिंग शिरतं, आणि हमिंगला पट्टी असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. म्हणजे अमेरिकन क्लबातल्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारच्या मागची घूं ६० वर हवी, नाहीतर तिच्या दुप्पट-तिप्पट आकड्यांवर. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडून वर्णपट, म्हणजे कोणत्या आकड्यावर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढायचा, उंचवटा कुठे आहे बघायचा. ६१.२ वर असेल तर कॅसेट दोन टक्के चढलेली. जे हमिंग घालवायला आम्ही आयुष्यभर धडपडलो तेच साक्षीदार निघालं. (जपानी रेकॉर्डिंग असेल तर सांभाळून; तिथे अर्ध्या देशात ५० आणि अर्ध्यात ६० आहे.)

पाचव्या महिन्यात आलेल्या एका कॅसेटवर ‘न्यूयॉर्क, क्लब’ असं लिहिलेलं होतं. निवेदक इंग्रजीत बोलतोय, टाळ्या बेताच्या. हमिंग मात्र ५० वर. ओढून ६० वर नेलं तर सगळं तीन अर्ध्या सुरांहून जास्त वर जातं आणि निवेदक कार्टूनमधल्या उंदरासारखा बोलतो. ५० वर ठेवलं तर पियानो बरोब्बर पट्टीत. आधी वाटलं, युरोपात कुणीतरी प्रत काढली असेल, तिथल्या डेकचं हमिंग मिसळलं असेल. मग लक्षात आलं की वादक गिटारचा आवाज बंद करतो त्या क्षणी हमिंगही गप्प होतं. म्हणजे ते त्याच्याच गिटारमधून येतंय. न्यूयॉर्क नव्हेच. मी चिठ्ठीवर ‘न्यूयॉर्क’ खोडून ‘बहुधा युरोप’ लिहिलं आणि पाठवणाऱ्याला कळवलं. त्यांना फारसं रुचलं नाही. वीस वर्षं ते ही कॅसेट न्यूयॉर्कची म्हणून ऐकत होते.

पण चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये हे या छंदात पहिल्यापासूनच आहे. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचं १९४१ मधलं, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स या क्लबातलं वाजवणं आपल्याला ऐकायला मिळतं ते जेरी न्यूमन नावाच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यामुळे. तो डिस्कवर आवाज कोरणारं यंत्र घेऊन तिथे जायचा. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ख्रिश्चन गेला, वय पंचवीस. त्यातला सगळ्यात गाजलेला तुकडा ‘स्विंग टू बॉप’ या नावाने ओळखला जातो, पण वाजतंय ते ‘टॉप्सी’. नाव नंतर चिकटवलेलं. छापील रेकॉर्डची ही गत, तर शाईने लिहिलेल्या कॅसेटीचं काय घेऊन बसलात.

बाकी तक्रारी थोडक्यात. आकडे दाखवणारा काउंटर मिनिटं दाखवत नाही, नुसतेच आकडे, त्यामुळे विशिष्ट गाणं शोधायला कागद-पेन्सिल लागते. हेडफोनचं भोक सैल झालंय. पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) कडक झाला होता तेव्हा लांबवलेला सूर थरथरायचा. गिटारवर वेगवान तानेत ते लपतं, पण संथ गतीत एकच सूर धरून ठेवला की उघडं पडतं. रोलर बदलला, थांबलं. १२० मिनिटांच्या कॅसेटी यात घालू नका, फीत पातळ असते, माझी एक रोलरला गुंडाळली गेली आणि ती परत न मिळणारी होती. हेड दर दहा तासांनी अल्कोहोलने पुसतो. हिचं म्हणणं, घराला दवाखान्याचा वास येतो.

परत घेईन का? हो, पण ‘सर्व्हिस केलेला’ या दोन शब्दांसाठी एक डॉलरही जास्त देणार नाही, आणि चाचणी-कॅसेट डेकच्या आधी विकत घेईन.

राहिलं ते चुकीच्या वेगाने गेलेल्या प्रतींचं. फायली दुरुस्त करून चौघांना परत पाठवल्या, ते सोपं होतं. कॅसेटवाल्या दोघांना हाताने पत्रं लिहिली, माफी मागितली, चौदाच्या चौदा नव्याने भरून मीडिया मेलने (पुस्तकं-कॅसेटींसाठीच्या स्वस्त टपालाने) पाठवल्या आणि जुन्या पुसून वापरा असं सुचवलं. एकांनी तसं केलं. ओहायोचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी कॅसेटबरोबर गिटार वाजवतात. त्यांचं पत्र आलं की नव्या मिळाल्या, धन्यवाद, पण जुन्या पुसणार नाही. तुझ्या कॅसेटींशी जुळावी म्हणून मी गिटारच थोडी उतरवून लावली होती. तारा सैल झाल्यापासून बोटं दुखत नाहीत.