कॅनियनिंगचे बूट: ओल्या कातळावर पक्के, शेवाळावर बेभरवशाचे

आडबाजूच्या धबधब्याची शेवटची वाट बहुतेक वेळा ओढ्यातूनच असते. तिथे ट्रेकिंगचा नेहमीचा बूट नडतो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, पाय जड होतो आणि कडक सोल ओला कातळ धरत नाही. कॅनियनिंगचे, म्हणजे ओढ्यातून आणि घळीतून चालत, पोहत, उतरत जाण्याच्या खेळाचे बूट नेमके यासाठीच बनवलेले असतात.

घेताना घोटा झाकणाराच जोड घ्या. धोंड्यांच्या फटीत पाय गेला की पहिला मार घोट्याच्या हाडाला बसतो. बुटका वॉटर शू किनाऱ्यावर फिरण्यापुरता ठीक. चवड्याला आणि टाचेला पाणी निघायची भोकं हवीत, बोटांवर जाड रबर हवं. भोकांतून बारीक वाळू मात्र आत येतेच आणि ओली कातडी सोलवटते. त्यासाठी 2 ते 3 मिमी जाडीचे निओप्रीनचे (फोमसारख्या मऊ रबराचे) मोजे लागतात, म्हणून माप मोजे घालूनच बघा. उतारावर उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली तर तो जोड लहान आहे.

आता पकड. उघड्या, ओल्या कातळावर या बुटांच्या सोलचं मऊ रबर फार छान बसतं, पण अख्खा सोल टेकवला तर. घाबरून मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि पाय सुटतो. हिरवट-काळ्या, बुळबुळीत थरावर मात्र हा बूटही घसरतो, कारण रबर दगडापर्यंत पोचतच नाही. तिथे फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंच्या नमद्याचा सोल सरस. पण फेल्ट चिखलात आणि ओल्या गवताच्या उतारावर कुचकामी, शिवाय तो लवकर वाळत नाही आणि त्यातून सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत जातात. डिडिमो हे शेवाळ पसरू नये म्हणून न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्ट सोलवर बंदी घातली. वाटेत चिखल, गवत, कातळ सगळंच लागणार असेल तर रबरच घ्यावं आणि शेवाळाला वळसा घालावा.

या बुटांचा खरा धोका म्हणजे ते देत असलेला फाजील आत्मविश्वास. गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर कुठलाही सोल उपयोगाचा नाही, मागे फिरा. ओढा ओलांडण्याआधी सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलातच तर प्रवाहात उभं राहायची धडपड करू नका. पाऊल दगडांत अडकलं की पाणी अंगाला खाली दाबतं. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाशी ठेवून उथळ कडेला या. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत आला, तर सामान गोळा करत बसू नका, आधी उंचावर चढा.

दोष दोन. मऊ रबर कोरड्या, खडबडीत वाटेवर भराभर झिजतं. ओढ्यापर्यंत साधे बूट वापरा, हे सॅकला लटकवा. दुसरा दोष चिकटवणीचा. शेकोटीजवळ वाळवले की गोंद सुटतो, आणि काही जोडांतला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) मधला थर नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत भुसभुशीत होतो. निघण्याआधी सोलची कड अंगठ्याने दाबून, बूट वाकवून बघा. सॅकमध्ये 3 मिमीची दोन मीटर दोरी असू द्या. सोल उखडलाच तर चवड्याभोवती आवळून परतीपुरता बांधता येतो.