सीआरएस-आर: भान मोजायला उत्तम, पण घाईत केली तर फसवी

डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटने डोळे उघडले की घरचे पहिलं विचारतात, "शुद्धीवर आले का?" पण डोळे उघडे असणं वेगळं आणि भान असणं वेगळं. खाटेशेजारी उभं राहून हा फरक पकडायला कोमा रिकव्हरी स्केलची सुधारित आवृत्ती, म्हणजे सीआरएस-आर, आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. ती 2004 साली प्रसिद्ध झाली. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंड-वाचा, संवाद आणि जाग असे 6 विभाग, गुण 0 ते 23. सामान दादरच्या बाजारात सहज मिळेल असं: हातात धरायचा आरसा, कंगवा, कप, रंगीत चेंडू. साधारण अर्धा तास हाताशी ठेवा.

आरसा हा या चाचणीचा प्राण. चेहऱ्यापासून 4 ते 6 इंचांवर धरून सावकाश 45 अंश सरकवायचा, आडवा आणि उभा. टॉर्च किंवा बोट फिरवून काम भागवणारे खूप आहेत. त्यांना जे दिसत नाही ते इथे दिसतं, कारण स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर जाते.

सूचना पाळण्याच्या भागात सर्वाधिक चुका होतात. आधी 1 मिनिट नुसतं बघत राहायचं: हात आपोआप हलतोय का, पापण्या किती वेळा मिटतायत. हे मिनिट गाळलं की आपसूक हालचालीलाच प्रतिसाद समजलं जातं. मग एकच सूचना 4 वेळा, 15 सेकंदांच्या अंतराने. प्रतिसादाला 10 सेकंद द्यायचे.

आणि मुंबईत खरा घोळ भाषेचा. घरात मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्या आजींना वॉर्डात "हाथ उठाइए" सांगून शून्य गुण दिले, तर ती मोजणी भाषेची झाली, भानाची नव्हे. मुलाकडून "आये, डोळे मीट" म्हणवून घ्या, पण त्याला आधी बजावा: शब्द चारही वेळा तेच, हात लावायचा नाही, मध्ये "मीट ना गं" नाही. हो-नाहीच्या 6 प्रश्नांतही तसंच. आपल्याकडे मान डोलावली तर हो की नाही कळत नाही, "च्यक्" म्हणजे नाही. खूण आधीच ठरवून घ्या.

मर्यादा आहेत. वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा समजणं-बोलणं बिघडणं) असेल तर सूचना समजतच नाही, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) असेल तर वाचेचे गुण पडतात, ऐकू कमी येत असेल तर पहिला विभागच कोसळतो. झोपेचं औषध किंवा ताप असताना केलेली तपासणी धरू नका. भेटीच्या वेळेतल्या जनरल वॉर्डात तर करूच नका. भान दिवसभरात वरखाली होतं, म्हणून 2 आठवड्यांत किमान 5 वेळा, वेगवेगळ्या वेळी. वेळच नसेल तर सेकंड्स ही छोटी चाचणी साधारण 7 मिनिटांत होते, पण सविस्तर निर्णयाला मूळचीच बरी.

रिपोर्टवर नुसता "एकूण 9" असेल तर परत पाठवा. सहाही विभागांचे गुण, तपासणीची वेळ आणि शेवटचं झोपेचं औषध कधी दिलं होतं, एवढं लिहून मागा. नुसती नजर आरशामागे गेली तरी पेशंट किमान भानाच्या गटात (भान थोडंच, पण नक्की आहे असा गट) जातो, आणि एकूण गुणांत ते दिसत नाही.