टॉवरचा छाप की स्क्रूची भोके?

जुन्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलाचा एखादा सुटा भाग हाती आला की तो मुळात कोणत्या पिस्तुलाचा, हे ओळखण्याचे दोन मार्ग आहेत: त्यावरचे छापे वाचणे, किंवा आकार आणि मापे जुळवून पाहणे. बर्मिंगहॅमला आल्यापासून मी ठासणीच्या पिस्तुलांचे भाग जमवतो आहे, त्यामुळे दोन्हींशी माझा बराच संबंध आला आहे.

छाप्यांचा मार्ग अधिक रंजक आहे, हे आधी मान्य करतो. लॉकच्या, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडून बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर कारागिराचे नाव आणि साल कोरलेले असेल तर ती साधारणपणे 1764 पूर्वीची असते. त्यानंतर सरकारी लॉकवर नुसते ‘टॉवर’ (म्हणजे टॉवर ऑफ लंडन, तिथले सरकारी शस्त्रागार) आणि मुकुटाखाली ‘जीआर’ (राजा जॉर्जची आद्याक्षरे) ही अक्षरे उरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर 1808 पर्यंत बदामाची खूण असे, पुढे मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. त्या बदामात कंपनीची आद्याक्षरे असत; त्यांतला ‘व्ही’ हा ‘युनायटेड’मधल्या ‘यू’च्या जागी आहे, हे कळेपर्यंत मीही चक्रावलो होतो. माल सरकारी की कंपनीचा, एवढ्यापुरते छापे उत्तम काम देतात.

अडचण त्यापुढे सुरू होते. माझ्याकडे ‘न्यू लँड पॅटर्न’ या लष्करी नमुन्याच्या पिस्तुलाचा लॉक नसलेला लाकडी दस्ता होता. एका प्रदर्शनात मला ‘टॉवर’ आणि ‘जीआर’ असलेला स्वच्छ लॉक मिळाला. रंजकाच्या (ठिणगीने पेटणाऱ्या दारूच्या) पेल्याखाली मुकुट आणि बाणाचे रुंद टोक अशी तपासनिसाची बारीक खूणही होती, त्यामुळे तो निव्वळ व्यापारी माल नाही याची खात्री पटली आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. घरी आल्यावर दस्त्यातल्या खोबणीचा बटर पेपरवर घेतलेला ठसा लॉकवर ठेवला, तेव्हा स्क्रूचे पुढचे भोक बरोबर बसले आणि मागच्या भोकाची फक्त चंद्रकोर दिसली. पट्टीची शेपटीही खोबणीच्या बाहेर जात होती. छापा खोटा नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट मला आजही खटकते: तो लॉक सरकारी होता, पण कोणत्या पिस्तुलाचा हे त्या छाप्याने सांगितलेच नाही, कारण घोडदळाच्या आणि नौदलाच्या पिस्तुलांवरही तोच ‘टॉवर’ असतो. तो बहुधा नौदलाच्या पिस्तुलाचा असावा, असे मला पुढे वाटू लागले.

मापांचा मार्ग रुक्ष आहे, आणि तोही बिनचूक नाही. हे भाग हाताने घासून बसवलेले असल्यामुळे एकाच पॅटर्नचे दोन लॉक एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. शिवाय नंतर कोणी नळी कापली असेल तर लांबीवर विसंबण्यात अर्थ नाही. तरीही आकार सहसा फसवत नाही. न्यू लँडची नळी 9 इंचांची, तिचे आतले भोक सुमारे 0.65 इंचाचे, आणि तोंडाखाली बार ठासायचा गज कायमचा जोडून ठेवणाऱ्या बिजागरीसाठी उंचवटा. तो उंचवटा दिसला की नळीवर छाप नसला तरी मला फारशी शंका राहत नाही. नौदलाच्या लांब पिस्तुलाची नळी 12 इंचांची, आतले भोक सुमारे 0.56 इंचाचे, आणि डाव्या बाजूला पट्ट्यात अडकवायचा पोलादी आकडा. तो आकडा हरवला तरी त्याने लाकडावर पाडलेला वळ बऱ्याचदा टिकून राहतो. छाप मात्र कोणी उत्साहाने पॉलिश केले की पुसट होतो.

लॉक उलटा करून आतली बाजू पाहण्याची सवयही मला मापांमुळेच लागली. जुळणी करणाऱ्याने कानशीने पाडलेल्या बारीक खाचा तिथे असतात. तशाच आणि तेवढ्याच खाचा चापाच्या कड्यावर किंवा नळीखाली सापडल्या, तर ते भाग एकत्रच जोडले गेले होते असे मानायला माझी हरकत नसते. बाहेरच्या राजमुकुटापेक्षा या तीन-चार ओरखड्यांवर माझा अधिक विश्वास बसला आहे.

तुमच्याकडे एकच सुटा लॉक असेल आणि तो कुठे बसवायचा नसेल, तर छाप्यांपासून सुरुवात करणे कदाचित सोयीचे ठरेल. पण घरी रिकामा दस्ता वाट पाहत असेल, तर पाकिटापूर्वी बटर पेपर बाहेर काढावा, असे मी सुचवीन. विक्रेते थोडे कंटाळतात. तो ‘टॉवर’चा लॉक अजून माझ्या खणात आहे, आणि सध्या मी त्याला साजेसा नौदलाचा दस्ता शोधतो आहे.